अकराव्या रकान्यातलं नाव

१

नोंदवहीप्रमाणे चार वर्षांची ती मुलगी चार वाजून पस्तीस मिनिटांनी 'सुखरूप परत' केली गेली, आणि चार पन्नासला त्याच दुकानाच्या दुसऱ्या मजल्यावर, विक्रीला मांडलेल्या दुमजली पलंगावरून डोक्यावर पडली. मधली पंधरा मिनिटं कोणाची होती, एवढंच शोधायला मला पाठवण्यात आलं.

मी विमा कंपनीत दावा तपासनीस आहे. मुलांच्या अपघातांचे दावे माझ्याकडे येतात, कारण इतर तपासनीसांना मुलं आहेत. खुनाच्या प्रकरणात 'मी तेव्हा तिथे नव्हतो' हे सिद्ध करणारा सुटतो. आमच्या धंद्यात नेमका तोच अडकतो. तरीही बावीस वर्षांत मला भेटलेला प्रत्येक जण मोठ्या हिरिरीने हेच सिद्ध करत आला आहे.

दुकान फर्निचरचं, तीन मजली. तळमजल्यावर मुलांसाठी खेळघर. पोर तिथे सोडायचं आणि वर जाऊन निवांत कपाटं बघायची. आई-वडिलांचं म्हणणं, आम्ही मुलीला परत घेतलंच नाही, नोंदवहीतली सही खोटी आहे. दुकानाचं म्हणणं, मुलगी परत दिली, ही बघा सही. सही खोटी ठरली तर आमची कंपनी भरपाई देणार. खरी ठरली तर हात वर करणार. मुलगी आता चालत नाही, बोलत नाही. उपचार, व्यायाम आणि सोबत माणूस, तिन्ही आयुष्यभर लागतील असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. ते सगळं आयुष्य एका सहीला टांगलेलं होतं.

आमच्या अहवालाच्या छापील अर्जात सव्वीस रकाने आहेत. पंचवीस अर्ध्या तासात भरून होतात. अकरावा असा आहे: 'अपघातसमयी मूल कोणाच्या देखरेखीखाली होते? (एकाच व्यक्तीचे नाव लिहावे.)'

फाइलमध्ये इस्पितळाने दिलेली मुलीच्या वस्तूंची यादी होती. फ्रॉक एक, मोजे एक जोड, केसांची पिन एक, बूट एक जोड, नाड्या कापलेल्या. आणि मूळ नोंदवही होती. सहीतलं एकही अक्षर लागत नव्हतं, पण तिच्यात काहीतरी खटकत होतं. मोठ्या माणसाची सही म्हणजे उरकलेलं काम असतं. ही उरकलेली नव्हती. खाली पट्टीने मारल्यासारखी रेघ, रेघेखाली दोन टिंबं, आणि पेन इतकं दाबलेलं की पुढच्या तीन पानांवर ठसा उमटला होता. आयुष्यातली महत्त्वाची गोष्ट असावी तशी कोणीतरी ती सही केली होती.

मी हे सगळं टिपून घेतलं, आणि अनुभवी माणूस असल्यामुळे मला त्यातलं काहीही कळलं नाही.

२

"आमची पद्धत फूलप्रूफ आहे, सर," मॅनेजर म्हणाला. त्याच्या कोटावर 'मी आपली काय मदत करू?' असं लिहिलेला बिल्ला होता. तसा विचार त्याच्या चेहऱ्यावर मात्र कुठे दिसत नव्हता.

पद्धत अशी. मूल आलं की बूट नंबराच्या खणात, मुलाच्या अंगात त्याच नंबराचं जॅकेट, आणि त्याच नंबराचा पिवळा बिल्ला, गळ्यात घालायच्या दोरीसकट, आईबापांच्या हातात. बिल्ला परत आला की सही घ्यायची आणि मूल द्यायचं. एका वेळी बारा मुलं. वय तीन ते सात.

"सातच्या वरची?"

"त्यांच्यासाठी बाहेर बाक आहे."

"आत सांभाळायला किती जणी?"

"दोघी."

"त्या दिवशी?"

"कागदावर दोघी."

"आणि जमिनीवर?"

त्याने टाय सारखा केला. "एक. दुसरी रजेवर होती. पण हजेरीला तिची सही आहे."

"रजेवर असताना?"

"आगाऊ करून ठेवतात, सर. शिस्त आहे."

मी नोंदवही उघडली. सात नंबर चार पस्तीसला परत. पुढच्याच ओळीत, चार अडतीसला, सात नंबरवर नवं मूल. "तीन मिनिटांत नंबर पुन्हा गेला?"

"मागणी असते. एक कुटुंब थांबलं होतं. अख्खं बेडरूम घेतलं त्यांनी, गाद्यांसकट." मी न विचारताच तो हे अभिमानाने म्हणाला.

"मग सात नंबरला नेलं कोणी?"

"घरच्या माणसाने."

"कोणत्या?"

"ते बिल्ल्यावरूनच ठरतं, सर. बिल्ला आणतं ते घरचं माणूस."

भिंतीवर बारा खुंट्या आणि बारा बिल्ले. सात नंबरचा मी सहज काढून गळ्यात घालायला गेलो. दोरी कपाळावरच अडली. बाकीच्या अकरा दोऱ्या पोटापर्यंत लोंबत होत्या, ही मात्र आखूड केलेली होती. मागच्या बाजूला गाठीवर गाठ, गाठीवर गाठ, असा दाण्यांएवढ्या गाठींचा ढीग.

"ही अशी केव्हापासून आहे?"

"बरेच महिने. कोणाला सुटत नाही आणि नवी दोरी वरून मंजूर होत नाही."

गळ्यात नीट बसावी म्हणून कोणीतरी ती दोरी आखूड केली होती. प्रश्न एवढाच, की इतकं लहान डोकं कोणाचं?

३

खेळघरातल्या बाईंना अपघातानंतर आठ दिवसांत काढून टाकण्यात आलं होतं. आता त्या एका लाँड्रीत चादरींच्या घड्या घालत होत्या.

"चादरी बऱ्या," त्या म्हणाल्या. "जिथे ठेवली तिथे राहते."

मी चादरीचं दुसरं टोक धरलं. साक्ष घेताना समोरच्याचे हात कामात असले तर तोंड मोकळं होतं, असा माझा अनुभव आहे.

"बारा मुलं आणि तुम्ही एकट्या?"

"बारा नसतातच हो कधी. एक शूला जातं, एक रडतं, एक चावतं. उरलेली नऊ कुठे आहेत ते बघायला मान फिरवली की पहिलं शू करून येतं आणि चावणाऱ्याच्या शेजारी बसतं."

"मोजणी कशी करायचा?"

त्यांनी चादर ताणली. "खण बघायचे. बूट असले की मूल आहे. पळणारी डोकी कोण मोजणार?"

"सात नंबरचे बूट चार पस्तीसला गेले."

"गेले."

"कोण आलं होतं?"

"घरचं माणूस."

मॅनेजरचेच शब्द. घडी घालून दिलेले.

"बाई की पुरुष?"

"गर्दी होती."

"बाई की पुरुष?"

"दोन्हीपैकी कोणी न..." त्या थांबल्या. चादर हातातून सुटली आणि जमिनीवर पडली. "म्हणजे आठवत नाही मला. आठ महिने झाले. जा तुम्ही आता. ही परत धुवावी लागेल."

४

मुलीचे वडील लिफ्टची दुरुस्ती करतात. एका कचेरीच्या गच्चीवरच्या यंत्रखोलीत ते मला भेटले. समोर बोटाएवढ्या जाडीची तारेची दोरी चाकावरून हळूहळू सरकत होती.

"त्या वेळी तुम्ही कुठे होता?"

"लिफ्टमध्ये." ते ओशाळून हसले. "दुकानाच्या. तिसऱ्या मजल्यावर दार बंद होताना आवाज येत होता. मला राहवेना. पाच-सहा वेळा वर-खाली केलं. रोलर घासत होता. सांगितलं मी तिथल्या माणसाला, की हे आज ना उद्या कोणाच्या तरी अंगावर येईल."

"मग?"

"मग खालून ओरडा ऐकू आला."

चाक थांबलं. ते त्याच्याकडेच बघत राहिले.

"मला वाटलं, मुलींकडे हिचं लक्ष आहे. हिला वाटलं, खेळघरवाल्या बाईंचं आहे. आणि थोरली होती ना."

"थोरली?"

"मोठी मुलगी माझी. नऊ वर्षांची. फार समजूतदार."

समजूतदार मूल म्हणजे ज्याच्याकडे बघावं लागत नाही असं मूल. म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही. फाइलच्या एकशे चाळीस पानांत थोरलीचा उल्लेख एकदाच होता: 'कुटुंबातील इतर सदस्य: एक.'

"ती कुठे होती?"

"बाकावर. पुस्तक वाचत बसली होती. तिला कुठेही बसवा, हलत नाही."

जबानीखाली त्यांनी सही केली. पाव सेकंदात, पाणी झटकावं तशी. नोंदवहीतली सही यांची नव्हती. मी फाइल मिटली तेव्हा ते म्हणाले, "साहेब, एक विचारू? लोकांच्या लिफ्टची दोरी मी महिन्यातून दोनदा तपासतो. माझ्या पोरीच्या वेळेला तपासणारं कोण होतं, एवढं सांगाल का मला?"

मी म्हणालो, "त्यासाठीच आलोय."

वडिलांना मी दिलेलं हे शेवटचं खरं उत्तर.

५

घर दोन खोल्यांचं. खिडकीशी चाकांच्या खुर्चीत धाकटी बसली होती, किंवा बसवलेली होती. मान एका बाजूला, हाताची मूठ घट्ट, डोळे पडद्याच्या हलत्या कडेवर. आईने आधी तिचं तोंड पुसलं, मग माझ्याशी बोलायला बसली. ती एका दवाखान्यात फोन घेते. वाक्य नीट पूर्ण करते आणि आवाज चढवत नाही.

"बिल्ला माझ्या पर्समध्ये होता," ती म्हणाली.

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"मग चार पस्तीसला तो खुंटीवर कसा गेला?"

"ते दुकानाला विचारा."

"आणि थोरली?"

"तिचा काय संबंध?"

आतापर्यंतची तिची सगळी उत्तरं एका चालीत आली होती, हे एक मात्र प्रश्न संपायच्या आत आलं. मी नजर खाली वळवली आणि धाकटीच्या पायांकडे बघत राहिलो. पायांत बूट होते. स्वच्छ, पांढरे, तळव्याला धुळीचा कणही नसलेले.

"बूट कशाला?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"थोरली घालते. रोज सकाळी, शाळेत जायच्या आधी. मी नको म्हटलं होतं. ऐकत नाही."

दोन्ही बुटांवर नाडीचा फास नव्हता. गाठीवर गाठ, गाठीवर गाठ.

जिना उतरल्या उतरल्या मी इस्पितळात फोन लावला. त्या दिवशीची परिचारिका दुसऱ्या विभागात गेली होती, पण तिला आठवत होतं. "हो, कापल्या ना नाड्या. किती गाठी होत्या! फास असता तर ओढून सुटला असता. मोठं माणूस कशाला बांधेल तसं?"

मोठं माणूस बांधत नाही. चार वर्षांच्या मुलाला बांधता येत नाही. मधे उरतं कोण?

६

सात नंबरचा बिल्ला मी मॅनेजरकडून मागून आणला होता. लाँड्रीतल्या टेबलावर, चादरींच्या चळतीशेजारी, मी तो ठेवला.

बाईंनी दोरीवरच्या गाठींवरून बोट फिरवलं. मग स्टूल ओढून बसल्या.

"त्या थोरल्या पोरीकडे बघायला कोणीच नव्हतं हो तिथे," त्या म्हणाल्या. "आईने बिल्ला तिच्या गळ्यात घातला आणि म्हणाली, मी पाचला येते, तोवर बाकावरून हलायचं नाही आणि हे हरवायचं नाही. हरवू नये म्हणून तिने मागे गाठी मारल्या. मी काचेतून बघत होते. म्हटलं, बरं झालं, बाहेरून आणखी दोन डोळे लागले. माझं अर्धं काम तीच करत होती."

"मग?"

"मग मॅनेजर आला, त्या बेडरूमवाल्यांना घेऊन. बारा भरलेली. त्यांचं पोर भोकाड पसरून बसलेलं. मॅनेजरने बाकाकडे पाहिलं, बिल्ला पाहिला. म्हणाला, 'सात नंबरचं घरचं माणूस तर बाहेरच बसलंय. देऊन टाका.' मी म्हटलं, सर, ती नऊ वर्षांची आहे. तो म्हणाला, 'बिल्ला आहे ना?'"

"सही?"

"मी म्हटलं, सही कर गं इथे. ती म्हणाली, 'मला सही नाहीये.' मी म्हटलं, मग तयार कर. लवकर." बाईंनी तोंडाला पदर लावला. "तिने लवकर नाही केली. जीभ बाहेर काढून, सावकाश केली. खाली रेघ मारली. मला वाटलं, किती गोड!"

नऊ वर्षांची मुलं खेळघरात चालत नाहीत, नियमाप्रमाणे ती लहान नसतात. आणि मूल ताब्यात घ्यायला चालतात, नियमाप्रमाणे बिल्ला असतो. दोन्ही नियम आमच्याच कंपनीने मंजूर केलेले होते.

"मी सांगणार आहे आता," बाई म्हणाल्या. "कोर्टात, सगळं. आठ महिने झोप नाही मला. तुम्ही विचारलंत, बरं झालं."

बरं झालं की नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा त्या घरी गेलो. दार थोरलीने उघडलं. किडकिडीत, शाळेच्या कपड्यांत, हातात वाटी आणि चमचा.

"आई सहाला येते," ती म्हणाली. "बाबा सातला."

"आता घरात कोण आहे?"

"मी आहे ना."

"मोठं कोणी?"

"शेजारच्या मावशी येऊन-जाऊन असतात. पण त्यांना भरवता येत नाही. मला येतं."

मी आत गेलो नाही, उंबऱ्यातच बसलो. नियमाप्रमाणे मी तिला एकही प्रश्न विचारायला नको होता. मी एकच विचारला.

"एवढ्या पक्क्या गाठी मारायला कोणी शिकवलं?"

"बाबांनी. ते म्हणतात, दोरी सुटली की माणूस गेला."

तिने धाकटीला एक घास भरवला, थांबली, गिळलेलं नीट बघितलं, मग ओठ पुसले. दुसरा घास भरवला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तुम्ही त्या दिवसाचे काका आहात ना?"

"हो."

"मला माहीत होतं कोणीतरी येणार."

तिने वाटी बाजूला ठेवली. आणि मग ती बोलली, वर्गात धडा म्हणून दाखवावा तसं, एका दमात.

"तिला तो पलंग बघायचा होता. आमच्यासाठी घेणार होते तो. वरची जागा माझी, खालची तिची. तिला एकदा वर बसायचं होतं. मी बसवलं. मग आठवलं, पुस्तक बाकावर राहिलं. शाळेचं होतं. हरवलं तर बाई ओरडतात. तिला सोबत नेलं तर उशीर झाला असता, जिना खूप होता. तिला खालच्या पलंगावर ठेवलं असतं तर कोणीही नेलं असतं. वरून कोण नेणार? म्हणून वरच ठेवलं. म्हटलं, हलायचं नाही, शंभर मोजेपर्यंत मी येते."

खुर्चीवरून धाकटीचा घसरलेला हात तिने उचलून मांडीवर ठेवला.

"तिला वीसपर्यंतच येत होते, काका. मी विसरले. वीस झाले असणार आणि तिला वाटलं असणार, झालं."

खालून कोणाच्या तरी घरचा मिक्सर सुरू झाला. मी उठलो.

"आईला माहीत नाहीये," थोरली म्हणाली. "तिला सांगू नका. तिला वाटतं, दुकानवाल्यांनी केलं."

८

आईला मी तिच्या दवाखान्यात गाठलं. दोन फोनांच्या मधल्या जागेत आम्ही बोललो.

"बिल्ला तुम्ही थोरलीच्या गळ्यात घातला होता," मी म्हणालो.

फोन वाजला. "हॅलो. डॉक्टर पाचला येतील. नाही, रिकाम्या पोटी या." तिने फोन ठेवला. "कोण म्हणतं?"

"दोरी."

पुन्हा फोन वाजला, तिने पुन्हा वेळ सांगितली, त्याच आवाजात.

"मी वर धावत पोहोचले," ती मग म्हणाली, "तेव्हा गर्दीच्या मागे थोरली उभी होती. पुस्तक छातीशी धरून. गळ्यात बिल्ला नव्हता. मला तेव्हाच कळलं. धाकटीकडे धावायच्या आधी, अर्धा क्षण, मला ते कळलं."

"तिला कधी विचारलंत?"

"नाही. विचारलं की तिला कळेल, मला माहीत आहे. तिला वाटतं, मला माहीत नाही. त्यावरच ती उभी आहे."

मी तिला सगळं समजावून सांगितलं. खरं तर खरी हकिगतच तिच्या फायद्याची होती. चार वर्षांचं मूल नऊ वर्षांच्या मुलाच्या हवाली करणारं दुकान कुठल्याही कोर्टात दोषी ठरेल. बिल्ला मुलीकडे दिला म्हणून थोडा दोष आईकडे येईल, रक्कम थोडी कापली जाईल, पण दावा जिंकता येईल. खोट्या सहीपेक्षा ही खरी सही जास्त भक्कम होती.

"आणि हे सिद्ध कसं करायचं?" तिने विचारलं.

"खेळघरवाल्या बाई साक्ष देतील."

"त्या चार पस्तीसपर्यंतचं सांगतील. पुढच्या पंधरा मिनिटांचं?"

मी पेनचं टोपण लावलं.

"तिला उभं करतील ना?"

"दुकान म्हणेल, मूल दिलं तोवर धडधाकट होतं. पुढे काय झालं ते तिलाच विचारतील. कंपनीचा वकील विचारेल. ते त्याचं कामच आहे."

"काय विचारेल?"

"वर कोणी बसवलं. सोडून का गेलीस."

"म्हणजे एका मुलीच्या औषधासाठी दुसरीला विचारायचं, तू तुझ्या बहिणीचं काय केलंस." तिने हे 'रिकाम्या पोटी या' म्हणावं तसंच सांगितलं. "तुम्ही नाही लिहिलं तर?"

"बाई बोलणार आहेत. मी जाईपर्यंत त्या गप्प होत्या."

आठ महिने चार माणसांनी मिळून एक झाकण घट्ट दाबून धरलं होतं, प्रत्येकाने दुसऱ्याला न सांगता. ते मी उचकटलं होतं, आणि त्याचा मला पगार मिळतो.

फोन वाजत राहिला. या वेळी तिने उचलला नाही.

९

अकराव्या रकान्यात मी आधी लिहिलं, 'कोणाच्याही नाही.' अर्ज परत आला: 'व्यक्तीचे नाव लिहावे.' मग मी मॅनेजरचं नाव लिहिलं. साहेबांनी मला बोलावून घेतलं.

"अपघाताच्या वेळी हा तळमजल्यावर बिल फाडत होता. याच्या देखरेखीखाली कसं?"

"त्याच्याच सांगण्यावरून मूल बाहेर गेलं."

"ते कारण झालं. कारणाचा रकाना एकोणीस. अकरामध्ये त्या वेळी सोबत कोण होतं ते हवं." त्यांनी बाईंची ताजी जबानी पुढे सरकवली. बाई स्वतः वकिलाकडे जाऊन देऊन आल्या होत्या. "ही बहीण. वकील खूश आहेत. म्हणाले, मुलं खोटं बोलत नाहीत."

"ती नऊ वर्षांची आहे."

"सही आहे ना तिची?"

मी सुट्टीचा अर्ज दिला. तो मंजूर व्हायच्या आतच दावा मागे घेतल्याचं आईचं पत्र आलं. चार ओळी, कारण दिलेलं नव्हतं. वडिलांनी मला फोन केला. त्यांना काही कळत नव्हतं. "ती म्हणते, थकले. साहेब, अशी थकणारी बाई नाही हो ती. तुम्ही तपास केलात ना? कोण होतं तिच्याजवळ त्या वेळी?"

बायकोने थोरलीसाठी लपवलेलं आणि थोरलीने आईसाठी लपवलेलं, दोन्ही माझ्याकडे होतं. आयुष्यभर लोकांची गुपितं बाहेर काढली, आता ही दोन मला सांभाळायची होती.

"कळलं नाही," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले. पलीकडे लिफ्टचं दार बंद झाल्याचा आवाज आला. ते तो ऐकत असणार.

कचेरीत माझं कौतुक झालं. भरपाई न देता मिटलेलं प्रकरण म्हणजे उत्तम तपास, असा आमच्याकडे हिशेब असतो. मॅनेजरला बढती मिळून तो मोठ्या शाखेत गेला. खेळघरातल्या बिल्ल्यांना नव्या दोऱ्या मंजूर झाल्या, कारण आमच्या शिफारशीत तेवढीच एक गोष्ट अमलात आणण्याजोगी होती.

एकदा मी त्या घराकडे गेलो. आत जायचं धैर्य झालं नाही, रस्त्याच्या पलीकडे उभा राहिलो. खिडकीचा पडदा बाजूला होता. थोरली खुर्चीसमोर जमिनीवर बसून बुटाला गाठी मारत होती, आणि प्रत्येक गाठीला तिचे ओठ हलत होते. ती धाकटीला आकडे शिकवत होती. एकवीसपासून.

फाइल बंद करण्यापूर्वी एकही रकाना रिकामा राहता कामा नये, असा नियम आहे. साहेबांनी स्वतःच्या हाताने, पाव सेकंदात, अकराव्या रकान्यात लिहिलं: 'लागू नाही.'